तीन फाटके निरोप

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर नदीकाठी चला. तुम्ही अलीकडच्या काठावर उभे आहात. पलीकडच्या काठावर तुमची थोरली बहीण उभी आहे. मधून पाणी घोंगावत चाललं आहे, वारा कानांत शिरतो आहे. तिला तुम्हाला फक्त एक आकडा सांगायचा आहे. ती जिवाच्या आकांतानं ओरडते, पण अर्धा आकडा वारा खाऊन टाकतो. आता अशी कल्पना करा, की त्या एका आकड्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून आहे. तुम्ही काय कराल? अर्धवट ऐकलं तेच खरं धरून चालाल? की काहीच ऐकलं नाही असं समजून गप्प बसाल?

छातीत धडधडलं ना? मग तुम्ही मला ओळखलंत. तीच धडधड घेऊन मी नऊ वर्षं या भिंतीवर लटकते आहे.

मी एक जुनी, निरोप घेणारी पेटी आहे. बोरगावच्या नदीकाठी शेतीला पाणी देणाऱ्या संस्थेचं पंपघर आहे, तिथं माझा मुक्काम. अंगानं मी शाळेच्या दप्तराएवढी. पत्रा राखाडी, एका कोपऱ्याला गंज धरलेला. पोटावर आकडा दाखवणारी एक लहानशी काच आणि तिच्याखाली तीन दिवे. हिरवा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे थांबा, मी खात्री करते आहे. तांबडा म्हणजे पळा. छपरावर माझा कान आहे, एक उंच लोखंडी काठी. त्या कानानं मी माझ्या थोरल्या बहिणीचं बोलणं ऐकते.

माझी ही आक्का इथून बारा किलोमीटरवर, नदीच्या वरच्या अंगाला एका पुलाखाली राहते. ती रात्रंदिवस खाली वाकून पाणी मोजते आणि दर दहा मिनिटांनी पाण्याची उंची मला हवेतून कळवते. तिच्या पट्टीवर पाणी पाचशे चाळीस सेंटिमीटरच्या वर गेलं, की साधारण अर्ध्या तासात आमच्या गावाजवळच्या बंधाऱ्यावरून लोंढा वाहू लागतो. त्या बंधाऱ्यावरून माणसं पलीकडच्या मळीत, नदीकाठच्या गाळाच्या रानात, शेताला जातात. कठडा नाही, रुंदी बैलगाडीएवढी. तेव्हा आक्कानं सांगायचं, मी ऐकायचं आणि पंपघराच्या छपरावरचा भोंगा वाजवायचा, एवढंच माझं काम. ऐकायला किती सोपं वाटतं!

माझा जन्म बेळगावच्या एका लहानशा कारखान्यात झाला. येळ्ळूरहून रोज सकाळी स्कूटरवरून येणारी ऋतिका नावाची मुलगी तिथं काम करायची. तिनंच माझ्या तारा जुळवल्या, कथलाचे डाग दिले आणि मला बोलणं समजायला शिकवलं. माझा पहिला दिवा लागला, तेव्हा ती माझ्यावर वाकून म्हणाली, "ऐक बाई. तुझ्या कानावर पडतंय ते सगळं खरं नसतंय. आणि खरं नाही म्हणून फेकून द्यायचंही नसतंय. लक्षात ऱ्हाईल न्हवं?"

जन्मल्या जन्मल्या कानावर पडलेलं ते पहिलं वाक्य. त्या दिवसापासून मी भित्रीच आहे.

भिण्यासारखं पुष्कळ आहे, मित्रांनो. आक्काचं बोलणं माझ्याकडे येताना वाटेत त्याच्यावर काय काय झडप घालतं! वीज चमकली की त्यातले दोन-चार तुकडे उडतात. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की ठिणग्यांची कुरकुर मध्ये घुसते. मोठ्या तारांचा गुणगुणाट, साखर कारखान्याच्या यंत्रांची घरघर, सगळं एकदम माझ्या कानात शिरतं. त्या कल्लोळातून मला बहिणीचा आवाज वेगळा काढावा लागतो.

पहिल्या वर्षी मी तो नीट वेगळा काढला. आषाढात नदी चढली, मी वेळेवर भोंगा वाजवला, मळीतली माणसं आणि चौदा म्हशी अलीकडे आल्या आणि मग बंधारा पाण्याखाली गेला. केवढं कौतुक झालं माझं! खंडेनवमीला पंपघर सांभाळणाऱ्या भरमूनं मला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि मला नारळही फोडला. त्या कुंकवाचा डाग अजून माझ्या पत्र्यावर आहे.

मग आलं ते वर्ष, ज्याची आठवण मी टाळते. तरी तुम्हाला सांगायलाच हवी.

एका पावसाळी दुपारी विजा कडाडत होत्या. आक्काचा निरोप आला. मी माझ्या नियमाप्रमाणे तो तपासला. सगळं जुळलं. आकडा होता सहाशे सत्तर. मी भोंगा वाजवला. गाव नदीपासून दूर पळत सुटलं. पलीकडून येणारी माणसं जीव घेऊन धावली. त्यांच्यात कलगोंडा आप्पा होते, सत्तरीचे. बंधाऱ्याच्या टोकाला त्यांचा पाय घसरला आणि कमरेचं हाड मोडलं.

आणि पाणी आलंच नाही. आक्कानं सांगितलं होतं एकशे सत्तावन्न. विजेनं निरोपातले तुकडे असे नेमके उलटवले होते, की खोटा आकडा खऱ्याचे कपडे घालून माझ्यासमोर उभा राहिला आणि मी त्याला ओळखलं नाही.

आप्पा तेव्हापासून काठी घेऊन चालतात. गावानं माझं नाव ठेवलं 'भित्रं कोकरू'. येता-जाता पोरं दारातून "ब्यॅ" करायची. आप्पांच्या घरात तर माझं नावही घ्यायचं नाही असं ठरलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नातीला म्हणायच्या, "त्या पेटीचं नाव काढू नगंस माझ्याम्होरं. तिनं खोटं बोलून माझ्या माणसाला लंगडं केलं."

ती नात म्हणजे प्रियदर्शनी. सहावीतली, दोन वेण्यांची, प्रश्न विचारून माणसाला घाम फोडणारी. आज्जीनं नाव काढायला बंदी केली, म्हणूनच ती एके दिवशी पंपघरात आली. माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "तूच न्हवं का गं खोटं बोलल्याली?"

मला बोलता येत असतं तर मी काय उत्तर दिलं असतं? माझा हिरवा दिवा तेवढा लागला होता. त्याची मला लाज वाटली.

नशीब असं, की त्याच दिवशी मला दुरुस्त करायला ऋतिका आली होती. ती स्टुलावर बसून माझं पोट उघडत होती. तिनं मागं वळून पाहिलं.

"ती खोटं बोलली नाही गं. फसली."

"म्हंजे?"

"चिंचोके हाईत का तुमच्या घरात?"

प्रियदर्शनी धावत जाऊन ओंजळभर चिंचोके घेऊन आली, खेळायला फोडून ठेवलेले. मित्रांनो, फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू काळी असते आणि एक पांढरी. तुम्हीही हे करून बघा. ऋतिकानं जमिनीवर तीन ओळी मांडल्या, प्रत्येक ओळीत तीन चिंचोके, काळे-पांढरे कसेही. "हा आक्काचा निरोप," ती म्हणाली. मग तिनं प्रत्येक ओळीच्या शेवटी एकेक जादा चिंचोका ठेवला, असा की ओळीतले पांढरे मोजले तर दोन किंवा चार भरावेत, नाहीतर एकही नसावा. म्हणजे नेहमी सम. तसंच प्रत्येक उभ्या रांगेच्या खालीही एकेक ठेवला, उभं मोजलं तरी पांढरे सम. आडवं मोजा, उभं मोजा, सगळीकडे सम.

"आता पाठ फिरव. मी वीज हाय. एक चिंचोका पालथा करणार. कुठला ते तू सांगायचंस."

प्रियदर्शनी वळली आणि पुन्हा फिरली. मोजू लागली. आडवी दुसरी ओळ चुकत होती. उभी तिसरी रांग चुकत होती. जिथं त्या दोघी एकमेकींना भेटत होत्या, त्या चिंचोक्यावर तिनं बोट ठेवलं.

"ह्यो!"

"बरोबर. कुणी सांगितलं तुला?"

"कुणीबी न्हाय. ओळींनीच सांगितलं."

तिचे डोळे कसे चमकले म्हणून सांगू! तेच मी करते, मित्रांनो. आक्का मला नुसता आकडा पाठवत नाही, त्याच्याबरोबर हे जादा राखणदार पाठवते. एखादा तुकडा उलटला तर राखणदार मला त्याची जागा दाखवतात आणि मी तो सरळ करते.

मग ऋतिकानं दोन चिंचोके उलटवले. पोरगी गोंधळली. काहीतरी चुकलंय हे दिसत होतं, पण नेमकं कुठं ते कळेना. "आता काय करायचं?" तिनं विचारलं.

"आता अंदाज करायचा नाही. आणि लाजायचंही नाही. आक्काला म्हणायचं, पुन्हा सांग."

शेवटी ऋतिकानं चार उलटवले. बरोबर चौकोनाचे चार कोपरे. प्रियदर्शनीनं आडवं मोजलं, उभं मोजलं. "सगळं बरोबर हाय. काय बदललंच न्हाय तुमी."

"चार बदललेत."

पोरगीनं एकेका चिंचोक्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे हिला कळलंच नसंल."

"नाही कळलं. तुला तरी कुठं कळलं आत्ता?"

त्या दिवशी ऋतिकानं माझ्यात आणखी एक गोष्ट घातली. तिला ती पडताळा म्हणायची. आक्का निरोपाच्या शेवटी एक खास आकडा लावते, सगळ्या तुकड्यांचं एकत्र गणित करून काढलेला. मीही तेच गणित करते. माझं आणि तिचं उत्तर एक आलं तरच निरोप खरा धरायचा. चार कोपऱ्यांची फसवणूक या पडताळ्यापुढे सहसा टिकत नाही. आणि एक नियम तिनं मला पुन्हा बजावला. निरोप फाटून आला तर 'पुन्हा सांग' म्हणायचं, पण फाटका निरोप टाकायचा नाही. जपून ठेवायचा.

प्रियदर्शनी मग रोज येऊ लागली. शाळा सुटली, की पंपघराच्या दारात बसून अभ्यास करायची. आज्जी मळीत भांगलायला, म्हणजे तण काढायला, जायच्या, त्यांची ती तिथंच वाट बघायची. आज्जी बंधाऱ्यावरून येताना दिसल्या, की ही दप्तर भरून त्यांच्यापुढे उभी. पेटीशी बोलत होती हे मात्र घरी सांगायची नाही.

पण गावाचा विश्वास तुटला तो तुटलाच. त्यात माझी 'पुन्हा सांग' म्हणायची सवय वाढली. तेवढ्या वेळा पिवळा दिवा लागायचा आणि मी टिक टिक करायची. भरमू कावायचा. "किती इचारशील गं? तुझ्या आक्कानं एकदा सांगितलं न्हवं का? माझी बायकोबी एवढं उलटं इचारत न्हाय!"

तिथंच, मित्रांनो, माझ्या खऱ्या भीतीची गोष्ट सुरू होते.

या वर्षी बोरगावात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास ठरला. पावसाळ्याचे चार महिने मुनी एकाच गावी राहतात. गावाला केवढा आनंद! नदीजवळच्या उंचवट्यावर मंडप पडला. रोज चार वाजता प्रवचन. व्यवस्था बघायला जिनेंद्र अण्णा होते, गावातले बियाण्यांचे व्यापारी, मनानं सरळ पण घाईचे. पहिल्या प्रवचनाच्या आदल्या दिवशी ते पंपघरात आले.

"भरमू, महाराज बोलायला बसले आणि हिनं बोंब ठोकली तर?"

"पाणी आलं तर ठोकणारच की ओ अण्णा."

"आणि पाणी नसताना ठोकली तर? बघितलंस न्हवं त्या वर्षी. आप्पा अजून लंगडतोय. हजारभर माणूस बसणार मंडपात, बायका-पोरं. चेंगराचेंगरी झाली म्हंजे?"

भरमूनं डोकं खाजवलं. "मग काय करू म्हणतासा?"

"चातुर्मास होईपतोर गप बसव तिला. पाऊस कुठं हाय रं? नदीत म्हशी डुंबायल्यात."

कुणी वाईट माणसं नव्हती ती. महाराजांनी असं काही सांगितलंही नव्हतं, त्यांना तर भोंगा आहे हेही ठाऊक नसेल. नुसत्या आदरापोटी, प्रवचनाची शांतता मोडू नये म्हणून भरमूनं भोंग्याचा पत्र्याचा डबा उघडला, आतली वायर सोडवली, डबा बंद करून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करदोट्याला अडकवली. माझ्याकडे बघत म्हणाला, "राग मानू नगंस हं." मग तो प्रवचनाला आलेल्यांना पाणी वाढायला रोज मंडपात जाऊ लागला.

मी मुकी झाले. काच होती, दिवे होते, पण ते बघायला पंपघरात कोण येणार? एक सहावीतली मुलगी.

आणि चातुर्मासातच बंधाऱ्यावरची गर्दी वाढते, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. लक्ष्मीबाईंसारख्या कितीतरी बायका त्या चार महिन्यांत दिवस बुडाल्यावर अन्न घेत नाहीत. मळीतलं काम आटोपून, घरी येऊन, स्वयंपाक करून, सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं असतं. मोठ्या पुलावरून यायचं तर तासभर जास्त लागतो. म्हणून साडेपाच वाजले, की सगळ्या झपाझप बंधाऱ्यावरून निघतात. कुणी पाण्याकडे बघत नाही, सूर्याकडे बघतात.

श्रावणातला तो दिवस. गावावर थेंब नव्हता, पण पश्चिमेला आभाळ शाईसारखं झालं होतं आणि तिकडे विजा नाचत होत्या. प्रियदर्शनी दारात बसून गणितं सोडवत होती. मंडपातून महाराजांचा संथ आवाज येत होता.

पाच वाजून दहा मिनिटांनी आक्काचा निरोप आला. आला तो फाटून आला.

मी ओळी मोजल्या. तीन ओळी चुकत होत्या, दोन रांगा चुकत होत्या. पडताळा तर कुठच्या कुठे. मी पिवळा दिवा लावला आणि म्हटलं, आक्का, पुन्हा सांग.

दुसरा आला. तोही फाटका, पण वेगळ्या जागी. पुन्हा सांग, आक्का.

तिसरा यायला चार मिनिटं लागली. वीज इतकी कडाडली, की मधला भाग नुसता खरखराट. मी तिसऱ्यांदा विचारलं.

आक्का बोललीच नाही.

मी पुन्हा विचारलं. काही नाही. तिची बॅटरी दमली असेल? की पाणीच तिच्या डोक्यावरून गेलं असेल? मित्रांनो, फाटक्या निरोपाची भीती वाटते, पण शांततेची भीती त्याहून वाईट. फाटक्या निरोपात निदान बहीण असते.

माझ्यापाशी आता तीन चिंध्या होत्या. पहिली जशीच्या तशी वाचली तर आकडा निघायचा आठशे अडुसष्ट. दुसरी वाचली तर शंभर. तिसरी वाचली तर सहाशे चार. यातला मनाला बरा वाटेल तो घेऊ? शंभर किती छान होता! शंभर म्हणजे हिरवा दिवा, सगळ्या सुखरूप घरी. माझ्या आत कुणीतरी म्हणत होतं, घे शंभर, आणि गप्प बस. एकदा हसं करून घेतलंस, तेवढं पुरे.

पण फाटके निरोप जपून ठेवायचे, हा नियम उगीच नव्हता. मी तिन्ही चिंध्या एकावर एक ठेवल्या. पहिल्या जागेवर काय? दोघींत पांढरा, एकीत काळा. मग पांढरा. दुसऱ्या जागेवर? दोघींत काळा, एकीत पांढरा. मग काळा. तिसऱ्या जागेवर? तिघींत काळा. विजेनं तिन्ही वेळा मारा केला होता, पण दर वेळी वेगळ्या ठिकाणी. जे एकीत मेलं होतं, ते दुसऱ्या दोघींत जिवंत होतं. मी एकेक जागा भरत गेले. शेवटी सगळं जुळलं, फक्त एक ओळ आणि एक रांग चुकत होती. त्या जिथं भेटत होत्या तो तुकडा मी उलटवला. मग भीत भीत पडताळ्याचं गणित केलं.

उत्तर एक आलं.

सहाशे बारा.

मी तांबडा दिवा लावला. भोंग्याला हुकूम सोडला. तो हुकूम वायरच्या टोकापर्यंत गेला आणि तिथंच संपला.

पाच वाजून बावीस मिनिटं झाली होती. अर्ध्या तासातली बारा मिनिटं विचारण्यातच गेली होती.

प्रियदर्शनीनं मान वर केली. दिव्याचा तांबडा उजेड तिच्या वहीवर पडला होता. ती माझ्याजवळ आली, काचेवरचा आकडा वाचला, ओठांतल्या ओठांत पुन्हा वाचला. "सहाशे बारा? पडताळा झाला?" तिनं मलाच विचारलं. तांबडा दिवा पडताळ्याशिवाय लागत नाही, हे तिला माहीत होतं. मग ती दाराकडे धावली.

पलीकडच्या मळीत पाच बायका खुरपी गोळा करत होत्या. तिथं मोबाइलला रेंज नसते. "आज्जीऽऽ!" ती ओरडली. वाऱ्यानं ते तिच्याच तोंडावर परत आणून टाकलं. ती बंधाऱ्याकडे पळाली. तिनं पहिल्या दगडावर पाय ठेवलेला मला दारातून दिसला. नको, बाळ, नको! तू बंधाऱ्यावर गेलीस तर पाणी आलं हे तुला कोण सांगणार? माझ्याकडे दिव्याशिवाय काही नव्हतं. मी त्या दिव्याची उघडझाप करत राहिले, कुणी बघत नसताना.

ती थांबली. खालचं पाणी गढूळ झालं होतं, काड्या-कचरा वाहत येत होता. तिनं पाय मागं घेतला, छपरावरच्या भोंग्याकडे एकदा पाहिलं आणि मंडपाच्या दिशेनं सुटली. किल्ली भरमूच्या कमरेला होती.

पुढचं मी कानांनी ऐकलं. प्रवचनाचे कर्णे चारी दिशांना लावले होते. महाराज सावकाश बोलत होते. एकदम आवाज थांबला. कुजबुज झाली. मग माईकपासून थोड्या अंतरावर जिनेंद्र अण्णा दबक्या आवाजात ओरडले, "ए पोरी! कुठं चाललीस मधनं? खाली बस!"

"भरमू मामा, किल्ली द्या. सहाशे बारा आलंय."

"आगं, आत्ता?" भरमूचा आवाज.

"कुणी सांगितलं? त्या कोकरानं?" जिनेंद्र अण्णा म्हणाले. "तुझ्याच आप्पाची कंबर मोडली न्हवं तिनं? शिकली न्हाईस अजून?"

"तवा पडताळा न्हवता अण्णा. आता हाय. पुन्हा पुन्हा इचारलंय तिनं."

"आणि खोटं निघालं म्हंजे?"

"खोटं निघालं तर मला मारा सगळ्यांनी मिळून. खरं निघालं तर आज्जी बंधाऱ्यावर असंल!"

हजार माणसं श्वास धरून बसलेली मला कर्ण्यातून ऐकू येत होती. मग तोच संथ आवाज आला. महाराज म्हणाले, "तिला बोलू द्या. किल्ली घेऊन जायला वेळ जाईल. इथूनच बोलू दे."

माईकवर आधी नुसता तिचा श्वास आला. धाप, धाप. आणि मग नदीवर तिचा आवाज फुटला.

"आज्जी, बंधाऱ्यावर येऊ नको! पाणी आलंय! मागं फिर!"

लगेच तेच कन्नडमधून, कारण बायकांत सीमाक्का होती, तिला मराठी थोडंच कळायचं. "सीमाक्का, नीर बंतु! हिंदक्क होग्री!"

पुन्हा मराठीतून. पुन्हा कन्नडमधून. शब्द तेच, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. वाऱ्यानं एकदा आज्जीचं नाव खाल्लं, एकदा पाणी खाल्लं. ती म्हणतच राहिली. पाचव्या वेळी तिचा घसा फाटला आणि ती मध्येच थांबली. माईकवरून बोलता येतं, पण पलीकडून कुणी ऐकलं का, ते माईक सांगत नाही. हे तिच्या ध्यानात आलं असावं. कारण मला ऐकू आलं, "जिनेंद्र अण्णा, धरा हे. तुमी म्हणत ऱ्हावा. काय झालं तरी थांबू नका. मी बघून येतो."

मग जिनेंद्र अण्णांचा जाड, थरथरता आवाज सुरू झाला. "लक्ष्मीबाई, मागं फिरा... पाणी आलंय, मागं फिरा..." व्यापारी माणूस, तो एवढा घाबरलेला मी कधी ऐकला नव्हता.

मित्रांनो, तो आवाज नदीवर घुमत असताना मी भिंतीवर तांबडी होऊन लटकले होते. त्या वेळी मला जे वाटलं, ते तुम्हाला सांगून ठेवते. कुणी तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारलं, तर त्याच्यावर चिडू नका. ते भित्रं असेल, पण ते तुमच्यासाठी भितं. एकदा चुकलेल्याला कायमचं गप्प करू नका, त्याची चूक कुठं झाली ते शोधा आणि त्याला एक राखणदार द्या. आणि तुमच्या गावात, शाळेत, दवाखान्यात माझ्यासारखी एखादी पेटी असेल, तर तिची वायर कुणी चांगल्या हेतूनं सोडवली आहे का, तेवढं कधीतरी डोकावून बघा.

पुढे काठावर काय झालं ते मला भिंतीवरून दिसलं नाही, दारातून बंधाऱ्याचं अलीकडचं टोक तेवढं दिसतं. बंधारा बुडाला तेव्हाचा आवाज तेवढा ऐकला, पंपघराची जमीन हादरली. बाकीचं प्रियदर्शनीनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, घसा बसलेला होता म्हणून अगदी कानाशी येऊन.

ती धावत काठावर पोचली, तेव्हा बंधारा दिसत नव्हता. तिथं तपकिरी पाण्याची एक भिंत आडवी पळत होती. पलीकडच्या चढावर माणसं हलताना दिसत होती, पण डोळ्यांत वारा आणि धूळ. तिनं बोटानं मोजायला सुरुवात केली. एक, डोक्यावर गवताचा भारा. दोन. तीन, ती सीमाक्का, हिरव्या लुगड्यातली. चार.

चारच.

तिनं पुन्हा पाहिलं. बंधाऱ्याच्या पलीकडच्या तोंडाशी पाणी उसळत होतं. तिथं कुणी नव्हतं. ती चिखलात खाली बसली. मागून कर्ण्यातून जिनेंद्र अण्णा म्हणतच होते, मागं फिरा, मागं फिरा. भरमू किल्ली हातात घेऊन धापा टाकत तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

मग चढावर बाभळीच्या मागं काहीतरी हललं. कुणीतरी बसलेलं उठलं, गुडघ्यावर हात टेकून, सावकाश, म्हातारी माणसं उठतात तसं. पदर खोचला. नदीकडे तोंड केलं. आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन हलवले.

"आज्जी," भरमू म्हणाला. "तुझी आज्जीच हाय गं ती. पाच झाल्या. ऊठ आता."

प्रियदर्शनी उठली. डोळे पुसले. पण ती भरमूबरोबर वळली नाही. तिनं बोट वर केलं आणि पलीकडच्या काठावरच्या बायका पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.